ट्रान्सप्लान्टनंतर काउंट कधी वाढतील, आधी कळतं का?

सीताबर्डीकर: बाबांना मायलोमा म्हणजे रक्ताचा कॅन्सर आहे, स्वतःच्याच पेशींचं ट्रान्सप्लान्ट झालं, आज नववा दिवस. पांढऱ्या पेशी अजून १०० वरच अडकून राहिल्या, मी धरमपेठेतून रोज डबा घेऊन जातो अन् काचेतूनच पाहतो. रिपोर्ट आला की हात कापतात. काही अंदाज बांधता येते का जी?

लॅबवाली ताई: दादा, नवव्या दिवशी १०० म्हणजे काही बिघडलं असं नाही. स्वतःच्या पेशी असल्या की बहुतेक १० ते १४ दिवसांत न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वर येतात, अन् ५०० च्या वर सलग तीन दिवस राहिले तरच पेशी रुजल्या म्हणतात, एका दिवसाच्या आकड्यावर नाही. सगळ्यात मोठा अंदाज सीडी३४ पेशी, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, किती दिल्या त्यावरून येतो, वजनाच्या दर किलोमागे २० लाख तरी लागतातच, ५० लाखांच्या आसपास असल्या तर प्लेटलेट लवकर सावरतात. तो आकडा फाइलमध्ये असेल, विचारा. अजून एक, काही मशीनवर आयपीएफ म्हणजे कोवळ्या प्लेटलेटचं प्रमाण निघतं, ते प्लेटलेट वाढायच्या एक-दोन दिवस आधीच चढताना दिसू शकतं.

मानेवाड्याची सून: माझ्या सासूबाईंचे बाराव्या दिवशी वाढले, अकराव्यापर्यंत काहीच नव्हतं! प्लेटलेट मात्र मागून आल्या. ताप आला तर रात्रीही सिस्टरला लगेच सांगा, सकाळची वाट पाहू नका.

सीताबर्डीकर: ताई, फाइल पाहिली, ४२ लाख लिहिलंय. आज झोप लागेल बहुतेक.