ऑफिस टाइमचं फुलझाड पावसाळा कसा काढतं? कोल्हापूरकरांनो, आपापला अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. मी राजारामपुरीत राहते. गच्चीच्या कठड्यावर सोळा कुंड्या आहेत, त्यातल्या अकरा ऑफिस टाइमच्या. कुणी याला चिनी गुलाब म्हणतं, नर्सरीत टेबल रोझ म्हणून मागितलं तरी हेच देतात. सकाळी नऊ-साडेनऊला उमलायचं आणि दुपारी तीन-चारला मिटायचं, म्हणून आमच्या घरात ऑफिस टाइम हेच नाव रुळलंय.

होळीपासून मे संपेपर्यंत इतकं सोसणारं दुसरं झाड माझ्याकडे नाही. कठडा हात भाजेल इतका तापतो, मोगरा दुपारी मान टाकतो, आणि याची फुलं मात्र तशीच ताठ. चार दिवस पाणी चुकलं तर पानं जरा बारीक होतात, इतकंच. पण आर्द्रा लागल्या की माझा जीव खालीवर व्हायला लागतो. तरणा आणि म्हातारा पाऊस, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य नक्षत्रांचा, होईतो बुडखा मऊ पडतो, काळा होतो आणि नुसता हात लावला तरी अख्खी काडी हातात येते. गेल्या तीन पावसाळ्यांत जवळजवळ सगळी रोपं गेली. दिवाळीनंतर नवी आणते, त्याचं काही नाही. पण फिकट लिंबू रंगाचं एक एकेरी फूल होतं, ते परत कुठल्याच नर्सरीत मिळालं नाही. ते फार लागलं मनाला.

‘पाणी कमी घाला’ एवढंच लिहू नका, पाऊस काही विचारून पडत नाही. तुम्ही माती कोणती घेतली, कुंड्या कुठे हलवल्या, काय जगलं आणि काय मेलं, ते सविस्तर लिहा.

उद्यमनगर

ताई, माझं काम फौंड्रीत. वाळू आमच्याकडे ढिगानं, म्हणून पहिल्या वर्षी मोल्डिंगची वापरलेली काळी वाळू निम्मी आणि माती निम्मी घालून दहा कुंड्या भरल्या. वाळू आहे म्हटल्यावर निचरा होणारच, असं धरून चाललो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात दहाही कुंड्या गेल्या.

उपसून बघितलं तर खाली चिखलाचा गोळा. मग डोक्यात प्रकाश पडला. मोल्डिंगची वाळू ही नुसती वाळू नसते. तिच्यात बेंटोनाइट असतं, म्हणजे एक प्रकारची चिकणमाती, आणि कोळशाची भुकटी असते. म्हणून तर दाबली की ती साचा धरते. जी साचा धरते ती पाणीही धरून बसणार. रोज हातात असलेली वस्तू, पण कुंडी भरताना हे सुचलं नाही. ती वाळू झाडाला कुणीही घालू नका.

आता मी वीटभट्टीवरून विटांचा चुरा आणतो. चाळून पीठ काढून टाकायचं, हरभऱ्याएवढे तुकडे ठेवायचे. एक भाग तुकडे, एक भाग धुतलेली जाड वाळू, एक भाग तांबडी माती. शेणखत मूठभर, तेही जुनं. ओंजळभर पाणी ओतलं की पाच-सहा सेकंदांत खालच्या भोकातून बाहेर आलं पाहिजे, नाही आलं तर कुंडी परत भरायची. कुंडीखालची ताटली मे महिन्यातच काढून ठेवतो. मागच्या पावसाळ्यात बारापैकी आठ कुंड्या तगल्या.

रंकाळ्याजवळून

आमच्या फ्लॅटला पूर्वेचं ऊन फक्त नऊपर्यंत. वेल हातभर लांबला, फूल एकही नाही. तीच कुंडी वरच्या मजल्यावरच्या मामींच्या गच्चीत ठेवली, दहा-बारा दिवसांत कळ्या आल्या. पाच-सहा तास कडक ऊन नसेल तर हे झाड लावू नये, असं माझं मत झालंय.

पाचगाव

मी काही शिकल्याली बाई न्हाई, पोरगा लिहून देतोय. आमच्याकडं पाण्याचा कायम ठणठणाट. टँकर आला तर आला. त्यामुळं मी झाडं लावतो ती पाणी न मागणारी. दाराम्होरं उतार हाय, सगळा मुरूम. पयल्यांदा तिथं काय बी येत नव्हतं, पावसात मुरूम वाहून खाली गटारीत जायचा. भावजयीनं पिशवीभर ऑफिस टाइमच्या काड्या दिल्या. वितीवितीवर बोटानं भोक पाडून एकेक खोचलो. खत न्हाई, कुंडी न्हाई. तांदूळ धुतल्यालं पाणी तेवढं पंधरा दिवस शिंपडलो. दोन महिन्यांत सतरंजी अंथरल्यागत झालं.

आता ताईंचं पावसाचं इचारणं. माझ्या दारात दोन कुंड्या बी हुत्या, त्याच काड्यांच्या. पावसात त्या कुंड्यांतलं सगळं कुजलं आणि उतारावरचं निम्म्याच्या वर जगलं. पाऊस तोच, काडी तीच. उतारावर पाणी थांबतच न्हाई, एवढाच फरक. कुंडीत कितीबी वाळू घाला, भवतीनं भिंत हायच की. जमीन असंल तर जमिनीतच लावा, आणि सपाट नको, वरंबा करून लावा. ऊस लावताना सरी-वरंबा करतोय तसा, पाणी सरीत आणि झाड वरंब्यावर. फुलं पावसात येत न्हाईत. आभाळ आलं की ते उमलतच न्हाई, त्याला आपण काय करणार. गणपती गेलं, ऊन पडाय लागलं की शेंडे खुडायचे, परत फुटतंय.

सागरमाळ

पाचगावच्या काकींनी सगळं मर्म सांगितलं आहे. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे. थोडी कारणं जोडतो.

हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, अर्जेंटिना, उरुग्वे आणि ब्राझीलचा दक्षिण भाग इथलं. शास्त्रीय नाव पोर्टुलाका ग्रँडिफ्लोरा, हे 1829 मध्ये ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हूकर यांनी दिलं. आपली घोळीची भाजी याच पोर्टुलाका प्रजातीतली. घोळ खुडताना बोटांना लागणारा गुळगुळीत रस आठवा, तसंच पाणी हे झाड खोडात आणि पानात साठवतं. पाण्याचा ताण पडला की त्याची पानं रात्रीही हवेतला कार्बन डायऑक्साइड साठवायला लागतात, म्हणजे दिवसा भर उन्हात पानांची रंध्रं उघडी ठेवून पाणी घालवावं लागत नाही. एकाच झाडात ही रात्रीची सोय आणि उसासारखी दिवसा अन्न तयार करण्याची जोमदार पद्धत असं दोन्ही असणं फार दुर्मीळ आहे. पण मुळांना हवा लागतेच. माती दिवसेंदिवस भिजून राहिली की मुळं गुदमरतात आणि बुरशी बुडख्यात शिरते. अशा वेळी मुळाशी औषध ओतत बसू नये. वरचा निरोगी शेंडा कापून वाचवावा. कापलेल्या जागी तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापावं, हिरवा-पांढरा छेद दिसेपर्यंत.

आणि एक गोष्ट सगळ्यांनी करून बघा. अकराच्या सुमारास पूर्ण उमललेल्या एकेरी फुलातल्या केसरांना काडेपेटीच्या काडीनं एका बाजूनं हलकेच स्पर्श करा. केसर त्याच बाजूला झुकतात, डोळ्यांदेखत. मधमाशी फुलात फिरते तेव्हा तिच्या अंगाला परागकण लागावेत, अशी ती योजना आहे. मी ही गोष्ट पुस्तकात वाचली, वर्गात शिकवली आणि स्वतः पाहिली वयाच्या साठीनंतर, नातीबरोबर. त्या दिवशी आम्ही दोघांनी सतरा फुलं तपासली.

रुईकर कॉलनी

पिठ्या ढेकणाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मुंग्यांची रांग कुंडीवर चढताना दिसली की लगेच पानांच्या बेचक्यात बघा, कापसासारखं पांढरं दिसेल. थोडं असेल तर जुन्या टूथब्रशला साबणाचं पाणी लावून घासून काढते आणि मग साध्या पाण्यानं धुते. खूप असेल तर फांदीच कापून पिशवीत बांधून टाकते. माझ्याकडे हे जास्त झालं ते भरपूर गांडूळखत घातलं त्या वर्षी. पाला माजला, फुलं कमी आली आणि कोवळ्या शेंड्यांवर पिठ्या बसला.

शाहूपुरी, नदीकडची बाजू

2019 च्या ऑगस्टमध्ये आमचं तळमजल्याचं घर पाण्यात गेलं. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, त्याच्या कितीतरी वर पाणी चढलं होतं. परत आलो तेव्हा अंगणात घोट्याच्या वर गाळ. झाडांचं दुःख करायची ती वेळ नव्हती, केलंही नाही.

आईला बिया धरायची सवय. ऑफिस टाइमचं बोंड पिकलं की त्याचं टोपण आपोआप सुटतं, डबीचं झाकण निघावं तसं, आणि आत राखी चकाकीच्या बिया असतात, खसखशीहून बारीक. टोपण सुटायच्या आत बोंड कागदावर घ्यावं लागतं, नाहीतर वाऱ्यानं सगळं जातं. तिची कुंकवाची जुनी पितळी डबी पोटमाळ्यावर राहिली होती. फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही त्या बिया पसरट टोपलीत टाकल्या. वर माती लोटली नाही, कारण या बीला उजेड लागतो. नुसतं तळहातानं दाबलं आणि पाणी फवाऱ्यानं दिलं. नवव्या दिवशी लाल दोऱ्यासारखे कोंब दिसले. आई तासभर तिथंच बसून होती.

रंग मात्र जुने आले नाहीत, बियांपासून मिसळलेले येतात. डबल फुलाला तर बी क्वचितच धरतं. आहे तोच रंग हवा असेल तर काडीच जपली पाहिजे. आता आम्ही मृग लागायच्या आत प्रत्येक रंगाच्या बोटभर लांबीच्या पाच काड्या घेतो, एक दिवस सावलीत ठेवून छेद सुकू देतो आणि चहाच्या कपाएवढ्या कुंड्यांत लावून पत्र्याच्या पडवीखाली ठेवतो. आठ-दहा दिवसांत मुळं धरतात. पावसाळाभर आठवड्याला दोन चमचे पाणी. ताई, लिंबू रंगाचं एकेरी आमच्याकडे आहे. तेच आहे का ते बघून सांगा, काड्या काढून ठेवते.

राजारामपुरीतून परत

शाहूपुरीच्या ताई, लिंबू रंगाचं वाचलं आणि खरंच डोळे भरून आले. रविवारी येते. पाचगावच्या काकी, कुंड्या कमी करून गच्चीवर उतार देऊन लांब वाफा करायचा विचार चाललाय, खाली विटांचे तुकडे आणि वर मुरूम. तुमच्या उतारावरचा मुरूम कुठला, आणला तर चालेल का?

पाचगाव

मुरूम दारातच हाय, दोन पोती घेऊन जावा. पण सकाळी लवकर येऊ नका, फुलं झोपल्याली असत्यात. अकरा-बाराला या, म्हंजे रंग बघून काड्या बी न्हेता येतील.