दोन क्रेडिटसाठी केलेलं श्रमदान खोटं का मानायचं?

एफवायची_मुलगी:
बीएस्सी पहिलं वर्ष, पुणे. नवीन शिक्षण धोरण आल्यापासून को-करिक्युलरचे दोन क्रेडिट घ्यावेच लागतात, एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना), एनसीसी, खेळ नाहीतर कल्चरल यातलं एक. मला पळता येत नाही, नाचता तर त्याहून येत नाही, एनसीसीला पहाटे परेड, म्हणून एनएसएस घेतलं, यात लपवण्यासारखं काही नाही. जानेवारीत सात दिवसांचा कॅम्प झाला पुरंदर तालुक्यातल्या एका गावात. झेडपी शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून झोपायचं, पहाटे गार पाण्याने आंघोळ, प्रभातफेरी, मग ओढ्यावर वनराई बंधारा (पोत्यांचा कच्चा बांध) घालायचा, दुपारी बौद्धिक (अर्धा वर्ग पेंगतोय, वक्ते जोरात), संध्याकाळी घरोघरी सर्व्हे.

परत आल्यावर घरी काही सांगायला लागले की माझा चुलतभाऊ म्हणतो, क्रेडिटसाठी गेली होतीस, आता बाबा आमटे होऊ नकोस. मला हे पटतच नाही. गेले क्रेडिटसाठी, मान्य, पण तिथे गेल्यावर पोती क्रेडिट भरत नव्हतं, मी भरत होते. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात माती-वाळू भरायची आणि दाभणाने तोंड शिवायचं. आम्ही पोती गच्च भरत होतो तर गावातले एक आजोबा आले, काही न बोलता दोन पोती रिकामी केली आणि पाऊण भरून दाखवली, म्हणजे ती दाबून बसतात, मध्ये फट राहत नाही, आणि थर लावताना विटांसारखा सांधा मोडायचा. सुतळीने बोटं कापली, पण मला तोपर्यंत हाताने काही करता येतं हेच माहीत नव्हतं. ओढ्यात पाय कोरडे राहिले ते एक बरं, गारठा फार होता.

आणि सर्व्हे. फॉर्मवर प्रश्न होता, घरात शौचालय आहे का, असल्यास वापर होतो का. एका आजीने ऐकून घेतलं आणि मलाच विचारलं, "तुझ्या घरी किती हायेत? आन् तू रोज जातीस का?" सगळी गल्ली हसली. पुढच्या घरी मी फॉर्म पिशवीत टाकला आणि आधी बसून बोलले. हे मला कुठल्या पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या तासाला कळलं असतं?

तर माझं म्हणणं, कशासाठी गेलो याला फार किंमत नाही, गेल्यावर काय केलं याला आहे. पटत नसेल त्यांनी भांडा.

चहाबिस्किट:
मी भांडतो. डोंबिवलीकर, मुंबई युनिव्हर्सिटी, आमच्याकडे एनएसएसचे दहा ग्रेस मार्क असायचे आणि सगळं जग त्या दहा मार्कांसाठी कॅम्पला यायचं. बॅनर आधी पोचायचं, फावडी नंतर. एक झाड लावायला अकरा जण, सगळ्यांचा हात त्या एका रोपाला लागलेला फोटोत दिसला पाहिजे. गणपतीत निर्माल्य गोळा करायला चौपाटीवर उभं राहायचो तेव्हा सर टिकमार्क करून गेले की अर्धी गँग गायब. तुझे अनुभव छान आहेत ताई पण तू अपवाद आहेस, आणि जिथे मार्क आले तिथे सेवा संपली, हे मी डोळ्याने बघितलंय.

एफवायची_मुलगी:
अर्धी गँग गायब झाली, उरलेल्या अर्ध्या गँगने निर्माल्य उचललं ना? की ते मार्कांनी उचललं म्हणून परत समुद्रात टाकलं?

चहाबिस्किट:
टोमणा चांगला होता 😄 पण ती अर्धी गँग मार्क नसते तरी आलीच असती.

एफवायची_मुलगी:
मी नसते आले. हेच तर सांगतेय कधीपासून.

रानातला_पाटील:
आमी त्याच तालुक्यातले. ताई राग मानू नका पण तुमच्या लिखानात एक वाक्य हाय, ओढ्यात पाय कोरडे राहिले ते बरं झालं. अहो ते बरं नाही झालं, तिथंच सगळं गणित चुकलं. वनराई बंधारा घालायचा कवा, तर पाऊस परतीला लागला, ओढ्याला अजून धार हाय, तवा. ऑक्टोबर, लईत लई नोव्हेंबर. ते वाहतं पाणी अडलं की दोन-तीन महिने आजूबाजूच्या विहिरींना पाझर राहतो, ज्वारी-हरभऱ्याला एखादं पाणी जास्त मिळतं, जनावरं पाणी पितात. जानेवारीत कोरड्या ओढ्यात पोती रचून अडवायचं काय, वारा? आन् ते काम कच्चं असतं, पावसाळ्यात पहिला मोठा पूर आला की पोती जाणारच, ती जावीतच अशी पद्धत हाय. म्हंजे तुमच्या बंधाऱ्यानं एक थेंब अडवला नाही आन् पुढच्या पुरात वाहून बी जाणार. तुमी शिकलात, तुमचा विकास झाला, आनंद हाय. गावाचा काय झाला ते कोण लिहिणार?

चहाबिस्किट:
पाटील, दंडवत.

एफवायची_मुलगी:
हे मला कोणीच सांगितलं नाही. उद्घाटनाला सरपंच होते, ग्रामसेवक होते, नारळ फोडला, कोणी म्हणालं नाही की बाळांनो पाणी कुठंय. दादा, गावाला माहीत होतं तर गाव गप्प का बसलं?

रानातला_पाटील:
पोरं शहरातून आलीत, हौसेनं राबतात, त्यांना तोंडावर सांगायचं का तुमचं काम फुकट हाय? गाव पाहुण्याला नाही म्हणत नसतं. चहा पाजतं, शेवटच्या दिवशी पुरणपोळी घालतं, आन् तुमी गेल्यावर हसतं. आन् त्या आजोबांनी पोतं पाऊण भरायला शिकवलं ना, त्यांना बी ठावं असणार. पर नीट शिवायला शिकली तर पुढं कामाला यील असा इचार केला असंल त्यांनी.

माजी_पीओ:
सोळा वर्षं एनएसएसचा प्रोग्राम ऑफिसर (पीओ) होतो, म्हणून थोडं बोलतो. पाटील म्हणतात ते खरंय आणि यात पोरांचा काडीचा दोष नाही. कॅम्पची तारीख ओढा ठरवत नाही, परीक्षा ठरवते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सेमिस्टरच्या परीक्षा, मग दिवाळी, मग पेपर तपासणी, म्हणून सगळ्या कॉलेजांचे कॅम्प डिसेंबर-जानेवारीत कोंबलेले. अनुदान माणशी हजाराच्या आत, ते वेळेवर आलं तर पीओचं नशीब, नाहीतर किराणा दुकानदाराकडे पीओची उधारी. आम्हाला अहवालात लिहायला दिसणारं काम लागतं, बंधारा दिसतो. शोषखड्डा (सांडपाणी जिरवायचा खड्डा) केला तर तो जमिनीत जातो, फोटोत काय दाखवणार, फोटोत फक्त दगडगोटे.

आता मूळ मुद्दा, सक्ती आणि सेवा. हे भांडण एनएसएसच्या जन्माच्या आधीचं आहे. १९५९ साली आपले माजी अर्थमंत्री सी. डी. देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, तिनं म्हटलं होतं की कॉलेजात जाण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याला नऊ महिने ते वर्षभर राष्ट्रीय सेवा सक्तीची करा. मग शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयदैन यांनी बाहेरच्या देशांतल्या योजना अभ्यासून सांगितलं, सक्ती नको, ऐच्छिक ठेवा. त्यानंतर २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी शताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत ऐच्छिक म्हणून एनएसएस सुरू झालं. म्हणजे ऐच्छिक म्हणून जन्मलेल्या गोष्टीला आपण आधी ग्रेस मार्क लावले आणि आता क्रेडिट. माझं मत विचाराल तर क्रेडिट आल्यापासून संख्या वाढली आणि टिकणारी मुलं तेवढीच राहिली.

छावणीतला_काका:
अहो सर, संख्या वाढणं वाईट कसं? असो. मी सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला गेलेला माणूस आहे. बाबा आमटेंनी १९६७ मध्ये ती सुरू केली, चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ, आणि भरते कधी तर मे महिन्यात, चंद्रपूरच्या उन्हात, म्हणजे हौस तिथेच निम्मी गळून जाते. घरून तिकिटाचे पैसे मागून घेतले होते, मार्क वगैरे कोण देतंय. पण मला या मुलीला एक सांगायचंय आणि पाटलांनाही. तिथे काम काय करायचं हे आम्ही ठरवत नव्हतो, तिथली शेती कसणारी माणसं ठरवत होती. कुष्ठरोगातून बरी झालेली माणसं, कोणाच्या हाताला बोटं धड नाहीत, आणि त्यांच्या घमेल्याच्या वेगाला आम्ही विशीतली पोरं पुरत नव्हतो. आपण मदत करायला आलोय हा माज पहिल्या दुपारीच उतरला. एनएसएसच्या कॅम्पात काम कॉलेज ठरवतं, पाहुणा आपला स्वयंपाक घेऊन येतो आणि यजमानाने कौतुक करायचं. त्यामुळे ताई, तू क्रेडिटसाठी गेलीस की मनापासून, हा प्रश्न मला गौणच वाटतो. कामाचा मालक कोण होता ते विचार.

रात्रपाळी:
सगळे मोठे मोठे बोलून राहिलेत, माझंबी ऐका. बीडचा आहे, पुण्यात एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला. कमवा आणि शिका योजनेत लायब्ररीत पुस्तकं लावतो, तासावर पैसे, ते मेसच्या बिलात जातात, वरून रात्री डिलिव्हरी करतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे कमवून शिकायचं शिकवलं म्हणून आमच्यासारखे शिकतात तरी. आता सांगा, मी रोज तीन तास धूळ झटकून पुस्तकं लावतो तो माझा "व्यक्तिमत्त्व विकास" कोणी लिहित नाही, त्याचं क्रेडिट नाही, आणि सात दिवस कॅम्पला गेलो तर सात रात्रींचा धंदा बुडतो. कॅम्पला जाणारे कोण असतात बघा एकदा, ज्यांच्या घरून पैसे येतात ते. गावात राहून यायचं अप्रूप बी त्यांनाच. मी गावातूनच आलोय, मला झेडपी शाळेच्या वर्गात झोपवून काय शिकवणार? माझ्या गावात टँकर येतो, हंडा लावायचं मला पाचवीपासून येतं.

एफवायची_मुलगी:
रात्रपाळी दादा, यावर माझ्याकडे उत्तर नाहीये, खरंच नाहीये, लायब्ररीचे तास को-करिक्युलरमध्ये धरायला पाहिजेत हे माझंही मत. पण घरून पैसे येतात म्हणून माझं शिकणं खोटं ठरतं हे मी मान्य करणार नाही. मला गावाचं अप्रूप होतं हे खरं, आता ते गेलंय, हेच झालं ना शिकणं?

काका, कामाचा मालक हा मुद्दा डोक्यात बसला. आजीने फॉर्म उलटवला तेव्हा तेच झालं होतं की, तिने ठरवलं प्रश्न कोण विचारणार. बंधाऱ्याच्या बाबतीत मात्र कोणी उलटवलं नाही, आणि पाटील दादा, पाहुणचार म्हणून गप्प बसलात ते मला जास्त लागलं. तोंडावर सांगितलं असतं तर आम्ही सात दिवस दुसरं काही केलं असतं.

रानातला_पाटील:
काय केलं असतं?

एफवायची_मुलगी:
तुम्ही सांगाल ते.

रानातला_पाटील:
मग ऐका. जानेवारीत करण्यासारखी कामं हायेत. गावात दहावीची पोरं हायेत, मार्चात बोर्डाचा पेपर, गणित आन् इंग्रजीला मास्तर कमी. तुमच्यासारखी पंचवीस-तीस पोरं सात दिवस रोज दोन तास बसली असती तर पन्नास घरांनी नाव काढलं असतं. सातबारा ऑनलाइन काढायचा, पीक विम्याचा अर्ज, म्हाताऱ्यांचं आधार मोबाइलला जोडायचं, तालुक्याला हेलपाटे मारून चपला झिजतात लोकांच्या. यात फावडं नाही, फोटो बी नाही.

चहाबिस्किट:
फोटो नाही म्हटल्यावर कॉलेज परवानगी देणार नाही, लिहून घ्या.

माजी_पीओ:
देतं. दिली आहे. फक्त अहवालात "डिजिटल साक्षरता अभियान" असं नाव द्यायचं. 😀

आणि बंधाऱ्याचं म्हणाल तर एक वाट आहे. वर्षाचे १२० तास असतात, कॅम्प त्यातच येतो असं बऱ्याच मुलांना वाटतं, तसं नाही. नियमित कामाचे तास वेगळे असतात आणि बहुतेक कॉलेजात ते रॅली, दिनविशेष, पाहुण्यांच्या स्वागताला रांगेत उभं राहणं यात संपवले जातात. ते तास ऑक्टोबरातल्या रविवारी कॉलेजने दत्तक घेतलेल्या गावात वापरा, सकाळी एसटीने जा, संध्याकाळी परत. दोन रविवारांत छोट्या ओढ्यावर एक बंधारा आरामात होतो, परीक्षेला धक्का नाही. गाव दत्तक घेतलं म्हणजे एकदाच जाऊन यायचं असं कुठे लिहिलंय?

रानातला_पाटील:
या. पर आधी फोन करा, धार हाय का बघून सांगतो. यंदा पाऊस कसा होतोय त्यावर हाय सगळं.

एफवायची_मुलगी:
आमच्या सरांना विचारते. एसवायला एनएसएस परत घेता येतं का तेही बघावं लागेल, क्रेडिटचा विषय संपला तरी.

चहाबिस्किट:
क्रेडिट संपल्यावर तू गेलीस तर मी माझं वाक्य मागे घेतो. ऑक्टोबरात भेटू.

रात्रपाळी:
रविवार म्हणलं की आम्ही बाद. रविवारी ऑर्डरी सगळ्यात जास्त असतात.