आजोबांचं मौन: पुस्तकात आणि पडद्यावर

'एक्स्ट्रीमली लाउड अँड इन्क्रेडिबली क्लोज' या कादंबरीतल्या आजोबांचं न बोलणं ही निव्वळ क्लृप्ती आहे, असं काही वाचक म्हणतात. तळहातांवर 'हो' आणि 'नाही' गोंदवून घेणं मलाही जरा सजवलेलं वाटतं. मौन मात्र नाही. १९४५च्या ड्रेस्डेनवरच्या बॉम्बहल्ल्यात त्यांची प्रेयसी ॲना गेली. पुढे अमेरिकेत एकेक शब्द सुटत गेला, आणि पहिला सुटला तो तिचं नावच. उलट ९/११ला बाप गमावलेला त्यांचा नऊ वर्षांचा नातू ऑस्कर अखंड बडबडत असतो. थांबला की बापाची आठवण अंगावर येणार, ही धास्ती. दुखणं दोघांचं एकच.

सिनेमात (२०११) दोघं मिळून बापाच्या सामानात सापडलेल्या किल्लीचं कुलूप शोधत फिरतात, आणि आजोबा झालेला माक्स फॉन सिदो एक अक्षर न बोलता ऑस्कर नामांकन मिळवतो (पुरस्कार बरं, पोरगा नव्हे!). कादंबरीत तो सोबती म्हणजे त्याच इमारतीतले म्हातारे मिस्टर ब्लॅक; आजोबांशी गाठ पडते ती खूप उशिरा. मला तेच जास्त पटतं. दोघं रात्री बापाची रिकामी शवपेटी उकरतात, आणि आपल्या मुलाला, म्हणजे ऑस्करच्या बापाला, लिहिलेली पण टपालात न टाकलेली पत्रं आजोबा तीत भरतात. सिनेमाने नेमका हाच प्रसंग गाळलाय, त्याला माफी नाही.