नत्राचा प्रभार किती? (प्रभार, भार, उदासीन, आयन)

प्रश्न (नाशिकरोड)
मुलगी अकरावीला आहे. तिच्या वहीत 'नायट्रोजनच्या अणूवर प्रभार किती?' असा प्रश्न, खाली तिचं उत्तर 'उणे ३' आणि त्यावर लाल काट. मला ऑफिसातला प्रभारी माहीत; साहेब रजेवर गेले की ज्याच्या गळ्यात टेबल पडतं तो. अणूवर कसला प्रभार? आमच्या वेळी 'विद्युतभार' म्हणायचे. आणि उणे ३ का चुकलं?

रसायनशास्त्र शिकवते, गंगापूर रोड
काट बरोबर आहे. अणूत सात धन प्रोटॉन, सात ऋण इलेक्ट्रॉन, म्हणजे हिशेब शून्य. त्यानं बाहेरून तीन इलेक्ट्रॉन घेतले की उणे ३ होतं, पण मग तो अणू राहत नाही, नायट्राइड आयन, म्हणजे प्रभार असलेला कण, होतो. मॅग्नेशियमची फीत हवेत जाळली की राखेत थोडं मॅग्नेशियम नायट्राइडही असतं. राखेवर दोन थेंब पाणी टाका, अमोनियाचा वास येतो.

शब्दाचं म्हणाल तर 'भार' आधीच दमलेला आहे. अणुभारात तो वजन, भारनियमनात विजेची मागणी. तिसरं ओझं त्याच्यावर नको, 'प्रभार' बरा. हिंदीत याला 'आवेश' म्हणतात; आपल्याकडे आवेश आला की माणूस टेबलावर मूठ आपटतो! हिंदी पुस्तकं वापरत असाल तर आणखी एक सांभाळा: त्यांचा परमाणु तो आपला अणू आणि त्यांचा अणु तो आपला रेणू.

द्राक्षबाग, दिंडोरी
आम्ही नायट्रोजन म्हणतच नाही. नत्र, स्फुरद, पालाश. पण नत्रातही दोन जाती. १३:०:४५ या खतातला नत्र नायट्रेटचा, १२:६१:० मधला अमोनियमचा. मातीच्या बारीक कणांवर ऋण प्रभार, म्हणून धन प्रभाराचं अमोनियम त्यांना धरून राहतं. नायट्रेट ऋण, त्याला माती धरत नाही. गोडी छाटणीनंतर (फळासाठीची, ऑक्टोबरातली) परतीचा पाऊस कोसळला की ड्रिपनं सोडलेलं नायट्रेट मुळांच्या खाली उतरून जातं. दोन वर्षांपूर्वी माझं असंच गेलं, वरून बिल भरलं ते वेगळं. तर मॅडम, नत्राचा प्रभार धन लिहू की ऋण?

रसायनशास्त्र शिकवते, गंगापूर रोड
नत्राचा लिहूच नका, आयनाचा लिहा. घरपट्टी घराला लागते, एकेका खोलीला नाही. अख्ख्या अमोनियमवर अधिक १, अख्ख्या नायट्रेटवर उणे १. पुस्तकात अमोनियममधल्या नत्राला उणे ३ आणि नायट्रेटमधल्या नत्राला अधिक ५ लिहिलेलं दिसेल, पण ती कागदोपत्री वाटणी. सामाईक इलेक्ट्रॉन ज्याचा ओढा जास्त त्याच्या नावावर पूर्ण चढवायचे, एवढाच तिचा नियम. प्रत्यक्षात अणूवर तेवढा प्रभार नसतो.

संस्कृतप्रेमी, पंचवटी
रसायन मला कळत नाही, पण 'आयन' आमचा नातेवाईक निघाला म्हणून लिहितो. १८३४ मध्ये शास्त्रज्ञ फॅरडेनं केंब्रिजच्या व्हिवेल या विद्वानाला विचारून हा शब्द घेतला. मूळ ग्रीक, अर्थ 'जाणारा', कारण द्रावणात वीज सोडली की हे कण अग्रांकडे सरकतात. आपल्या उत्तरायणातलं 'अयन' म्हणजेही जाणं, धातू 'इ'. ग्रीक आणि संस्कृत धातू एकाच घराण्यातले. म्हणजे शब्द परका असला तरी चुलत्याकडचा.

'उदासीन' तर फारच चपखल. हल्ली आपण तो खिन्न माणसाला लावतो, पण मूळ उद् + आसीन, बाजूला बसलेला. धन-ऋणाच्या भांडणात न पडणारा. सात-सातवाला अणू तसाच.

प्रश्नकर्ता, नाशिकरोड
मुलीला सगळं वाचून दाखवलं. म्हणते, "अणू हा शब्द वाचलाच नाही हो बाबा, नायट्रोजन दिसला आणि उणे ३ ठोकून दिलं." आता मॅग्नेशियमची फीत कुठे मिळते ते विचारतेय.