चाचणीचा खर्च अर्जातच धरा

ई-रिक्षाच्या ब्रेकचा नमुना कर्ज काढून करावा का, असं वर विचारलंय. दादा, कर्ज नकोच! केंद्र सरकारच्या २०२१ च्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत नव्या कंपन्यांना नमुना आणि चाचण्यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान ठेवलं होतं; योजना २०२१-२२ पासून चार वर्षांसाठी होती, म्हणून अर्ज अजून घेतात का ते आधी विचारा. अर्ज इन्क्युबेटरमार्फत (नव्या कंपन्यांना आधार देणारी संस्था) करायचा, आणि कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको, ही अट आधी बघा. पैसे टप्प्याटप्प्यानेच सुटतात. अमेरिकेच्या एसबीआयआरमध्येही (छोट्या कंपन्यांच्या संशोधनाला सरकारी पैसा देणारी योजना) पहिला टप्पा कल्पना चालेल का हे तपासण्याचा, नमुना नंतर. म्हणून कोणत्या टप्प्यात काय सिद्ध करणार, ते आकड्यांत लिहा. आणि आपल्या इंदूरकरांना पीथमपूरचं नॅट्रॅक्स हे वाहनं तपासण्याचं केंद्र हाकेवर आहे! ब्रेकसाठी तिथे वेगळा ट्रॅक आहे. त्यांचं दरपत्रक आजच मागवा, म्हणजे चाचणीचा खर्च अर्जातच धरता येईल.