साधं हात धुण्याचंच घ्या
विज्ञान म्हणजे नुसते मोबाईल नि यंत्रं असं काहीजण म्हणतात ते मला नाही पटत, खरा फरक विचार करायच्या पद्धतीने पडलाय. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने बघितलं की सुइणींच्या वॉर्डापेक्षा डॉक्टरांच्या वॉर्डात बाळंतिणी कितीतरी जास्त दगावतायत, मग एकेक कारण तपासत गेला आणि लक्षात आलं की डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतपणं करायला येतात, म्हणून त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमधे १८ टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू जुलैत २ टक्क्यांच्या आत आले! जंतूंमुळे रोग होतो हे तेव्हा सिद्धही झालं नव्हतं हो, नुसत्या नोंदी आणि तुलना. त्याच्या हयातीत फारसं कुणी ऐकलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.