मदत हवी आहे: आईच्या कंबरेसाठी फिजिओ की कायरोप्रॅक्टर?

मंडळी, आईचं वय ६४, एमआरआयमध्ये एल४-एल५ला (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याला) डिस्क बल्ज आलंय, म्हणजे मधली गादी बाहेर फुगलीय, डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ जाते. ऑर्थोने फिजिओ सांगितलं, तीन आठवडे चालूय. आयएफटीचं (सौम्य विजेच्या लहरींचं) मशीन, शेक, मग ब्रिजिंग (पाठीवर झोपून कंबर उचलायची) वगैरे व्यायाम. घरी मात्र आई करत नाही, "मॅट पसरेपर्यंतच दम लागतो" म्हणते, आणि दुखणं तसंच.

आता धाकट्या भावाने रील्स बघून कायरोप्रॅक्टरचं (हाताने मणक्यांना झटका देऊन उपचार करणारा) खूळ घेतलंय, कट् आवाज आला की माणूस हसत उठतो म्हणे. मी जरा वाचलं तर तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतोच, सांध्यातल्या द्रवात गॅसचा बुडबुडा होतो त्याचा असतो. हा प्रकार १८९५ साली अमेरिकेत आयोवामध्ये डी. डी. पामर यांनी सुरू केला. तिकडे त्याची वेगळी डिग्री आणि लायसन्स असतं. आपल्याकडे फिजिओला बीपीटी ही डिग्री असते हे माहितीय पण कायरोवाल्याचं नेमकं काय बघायचं? भिंतीवरच्या फ्रेमा तर सगळ्यांकडेच असतात.

माझी खरी भीती वेगळीच आहे, आईच्या डेक्सामध्ये (हाडांच्या घनतेची तपासणी) ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, निघालाय, अशा हाडांना झटका द्यायचा म्हणजे फ्रॅक्चरच व्हायचं. आणि मानेला तर कुणाला हातच लावू द्यायचा नाहीये मला. तसा फिजिओही गरज पडली तर हाताने मोबिलायझेशन (सांधे हळूहळू हलवणं) करतोच ना, मग त्यालाच सांगू का?

कुणी दोन्ही करून बघितलंय का? आणि आईला घरी व्यायाम करायला लावायची काही युक्ती असेल तर तीही सांगा.